शेपूटवालं ड्रिल

शेपूट गळून पडलं की प्रगती झाली, हा माणसाचा समज फार जुना. माकडापासून सुरू झालेला हा समज आता भिंतीला भोक पाडायच्या ड्रिल मशीनपर्यंत येऊन ठेपला आहे. आपल्या हातात वायरचं ड्रिल दिसलं, की बिनवायरवाले असे बघतात, जणू आपण अजून झाडावरच राहतो!

धुळ्याचे आमचे साडूभाऊ याच पंथाचे. "वायर म्हणजे गुलामी हो!" हे त्यांचं ब्रीद. ऐन मे महिन्यात ते आपलं बिनवायरचं ड्रिल घेऊन जळगावला आले, आमच्याकडे पडद्याचे दांडे बसवायला. आता पडद्याचा दांडा येतो खिडकीच्या वर, आणि तिथे विटा नसतात, लिंटलचं काँक्रीट असतं. दुसऱ्याच भोकाला यंत्राचा घसा बसला. चार्जर राहिला धुळ्याला. मधे एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटर रस्ता. शेजाऱ्याचा मागावा, तर एका कंपनीच्या बॅटरीची दुसरीच्या चार्जरशी पत्रिका जुळत नाही. म्हणजे वायर गेली नव्हती, धुळ्यापर्यंत लांबली होती!

हिशेबच मांडू. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 36 वॉट-तास वीज मावते. 600 वॉटच्या वायरवाल्या ड्रिलला पूर्ण ताकदीनं चालताना एवढी शिदोरी चार मिनिटंही पुरायची नाही. म्हणून तो शिदोरी बांधतच नाही. थेट पंगतीला बसतो.

त्यात आमचा खानदेश. मेमध्ये पारा 45 च्या घरात. उन्हाळ्यानं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. तापलेली असली तर चार्जरही तिला लगेच घेत नाही. आधी थंड होऊन ये, म्हणतो. जळगावात मे महिन्यात थंड व्हायचं म्हणजे मृगाचीच वाट बघायची!

"पण लाइट गेली तर?" हा त्यांचा हुकमाचा एक्का. गेली तर गेली. भिंत काही पळून जात नाही. शेतातल्या खोलीवर किंवा दिवसाला दोनशे स्क्रू पिळणाऱ्या सुताराच्या हातात बिनवायरचं ड्रिल खुशाल शोभावं. आपण मात्र वर्षाला चार भोकं पाडणारी माणसं. एक कॅलेंडरला, एक घड्याळाला, दोन चुकून. एवढ्यासाठी जी कपाटात नुसती बसूनही झिजते, ती बॅटरी पोसायची? मग ती बसली, की नवीची किंमत ऐकून आपणही बसायचं!

वायरच्या ड्रिलचे कार्बन झिजले तर थोडक्या पैशांत बदलून मिळतात. वडिलांनी घेतलेलं ड्रिल मुलगा वापरतो आणि मधल्या काळात सगळी गल्ली.

राहिली गुलामी. साडूभाऊ, दावं असलेला बैलच वेळेला गोठ्यात सापडतो.