हरलेल्या डावाची तेरीज

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण शाळेतल्या निबंधांतून पुष्कळदा वापरली आहे. पण ज्याला प्रत्यक्ष ठेच लागली तो शहाणा होतो की नाही, याबद्दल म्हण काहीच सांगत नाही. माझा अनुभव असा की, तो बहुधा दगडाला शिव्या देतो आणि पुन्हा त्याच वाटेने धावत सुटतो.

गेल्या सुट्टीतली गोष्ट. मी मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होतो. प्रत्येकी 10 मिनिटांचा डाव, माझ्याकडे काळी मोहरी. समोरचा कोण, कोठला, ठाऊक नाही. दहाव्या खेळीला माझ्यावर मात झाली, तेव्हा माझ्या घड्याळात आठ मिनिटांहून अधिक वेळ शिल्लक होता! चिडून दुसरा डाव लावला, मग तिसरा. रात्री एक वाजेपर्यंत लागोपाठ सहा डाव हरलो आणि 'आज दिवसच वाईट' असे म्हणून झोपलो.

दुसऱ्या दिवशी हे एका मित्राला सांगितले. तो कन्नड माध्यमातून आलेला, मी मराठी; वर्गात दोघेही इंग्रजीशी झुंजतो. त्याने लाकडी पट काढला आणि म्हणाला, "पहिला डाव मांड." त्याचा घोडा 'कुदुरे', माझा 'घोडा', त्याचा हत्ती 'आने', माझा 'हत्ती'. पण पट एकच.

डाव असा झाला. पांढऱ्याचा उंट सी4 वर, घोडा जी5 वर. दोघांचा रोख माझ्या एफ7 च्या प्याद्यावर. त्या प्याद्याला आधार फक्त राजाचा. चौथ्या खेळीला मी डी5 वर प्यादे सारून उंटाची वाट अडवली. येथवर ठीक होते. पांढऱ्याने ते प्यादे मारले, मी लगेच घोड्याने परत मारले. त्याने आपला घोडा एफ7 वर फेकला. माझा वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्या तोंडात, म्हणून राजाने तो घोडा घेतला. मग त्याचा वजीर एफ3 वर आला: राजाला शह आणि डी5 च्या घोड्यावर दुहेरी मारा. मी घाबरून राजाला जी8 वर मागे नेले. पुढच्या तीन खेळ्यांत खेळ खलास.

मोबाईलमधला संगणक डाव तपासून देतो. त्याने सातव्या खेळीवर लाल खूण केली होती. घोडा राखायचा तर राजाने ई6 वर पुढे यायला हवे होते. "चूक सापडली," मी म्हणालो. मित्राने विचारले, "याके?" म्हणजे, का? राजा पटाच्या मध्यावर न्यायची भीती वाटली म्हणून. पण अशी पाळी आलीच का? मग आम्ही मागे मागे जात पाचव्या खेळीपाशी पोचलो. तेथे घोड्याने प्यादे परत न मारता दुसरा घोडा ए5 वर नेऊन उंटावर हल्ला करायचा आणि ते प्यादे तूर्त सोडून द्यायचे, अशी रीत आहे. सापळाही नवा नव्हता. इटलीच्या पोलेरिओच्या सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या डावात पांढऱ्याने असाच घोड्याचा बळी दिला आहे. माझी 'घोडचूक' खरोखरच घोड्याची निघाली!

तरी मित्राचे "याके?" संपेना. त्या खेळीला मी वेळ किती घेतला, हे मोबाईलमध्ये नोंदलेले होते : 3 सेकंद. तेव्हा मला उत्तर सापडले. कोणी माझे प्यादे मारले की परत मारायचे, हा माझा विचार नसून सवय होती. एका प्याद्याची उधारी डोक्यावर ठेवणे मला सहन झाले नाही. संगणकाने खेळी कोणती चुकली ते सांगितले. ती का चुकली, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

आता जे सांगायचे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. दुसऱ्या सत्रात मी हिशेबाच्या पेपरात सहा गुणांनी नापास झालो होतो. घरी सांगितले की, प्रश्नपत्रिका इंग्रजीत, आम्ही मराठी माध्यमाचे, काय करणार? वडिलांनी काही विचारले नाही. ते कापडाच्या दुकानात दिवाणजी आहेत. रोजकीर्दीत दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत ते जेवायला उठत नाहीत. त्यांचे ते गप्प राहणे मला फार लागले होते.

त्या डावानंतर मी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. यंत्र बसवण्यासाठी दिलेली मजुरी मी व्यापार खात्याला नावे टाकली होती. तो भांडवली खर्च. यंत्राच्या किमतीत मिळवायला हवा होता. त्यामुळे ढोबळ नफा चुकला, घसारा चुकला, निव्वळ नफा चुकला. पण ताळेबंद मात्र जुळला होता, म्हणून मी निर्धास्त बाहेर पडलो होतो! तेरीज जुळली तरी तत्त्वाची चूक तिच्यात दिसत नाही, हे सरांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. आणि त्या ओळीतला एकही इंग्रजी शब्द मला अनोळखी नव्हता. मी 'मजुरी' एवढेच वाचले आणि हात चालवला. पुन्हा तेच 3 सेकंद.

माध्यमाची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती आहे, आणि रोज आहे. परंतु त्या सहा गुणांची धनी ती नव्हती. खरी अडचण खोट्या ठिकाणी पुढे केली की ती खऱ्या ठिकाणीही कोणी ऐकत नाही.

12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरला डिंग लिरेनने चौदाव्या डावात 55 व्या खेळीला हत्ती चुकीच्या घरी नेला आणि गुकेश जगज्जेता झाला. जगज्जेताही चुकतो, तेव्हा चुकण्याची लाज नको. लाज न तपासण्याची हवी. बोटविनिकसारखा जगज्जेता तर सांगत असे की, आपल्या डावांचे विश्लेषण छापा, म्हणजे लोक त्यातले दोष काढतील.

माझे नम्र मत असे : हरलेला डाव प्रथम स्वतः मांडावा, 'मी हे का खेळलो' ते वहीत लिहावे, आणि मगच संगणकाला विचारावे. प्राध्यापकांनाही एक विनंती. चाचणीचे पेपर परत देताना आपण बरोबर उत्तर फळ्यावर लिहिता. त्याऐवजी एक तास आम्हांलाच आमच्या चुकीचे 'याके?' सांगायला लावावे.

तो पेपर मी पुढच्या वेळी सोडवला. छायाप्रत वडिलांना दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती मजुरीची ओळ शोधली आणि म्हणाले, "सापडला ना फरक? मग आता जेव."