निरीक्षकाची खुर्ची रिकामी ठेवण्यात कुणाचा फायदा?

वर्ध्याजवळच्या भूगावच्या पोलाद कारखान्यात 3 फेब्रुवारी 2021 रोजी भट्टीतून गरम हवा आणि कोळशाचे कण बाहेर आले. 38 कामगार जखमी झाले. पुढे कारखान्याचे नाव बदलले. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथेच स्फोट होऊन 22 जखमी झाले. या पावणेचार वर्षांत सरकारचा कारखाने निरीक्षक किती वेळा आत गेला आणि त्याने काय लिहून ठेवले, हा प्रश्न जिल्ह्यातल्या एकाही मोर्चात मुख्य मागणी म्हणून आला नाही. आपल्याही नाही.

कायद्यात निरीक्षकाला अधिकार कमी नाहीत. 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार तो आत शिरू शकत होता, कागद ताब्यात घेऊ शकत होता, धोकादायक यंत्र बंद करायला लावू शकत होता. पण त्याच कायद्यात सुरक्षेचे नियम मोडून कामगार मेला तर दंडाची किमान रक्कम 25 हजार होती, गंभीर जखमी झाला तर 5 हजार! मालकासाठी हा दंड नव्हे, किरकोळ खर्च. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने मृत्यूसाठी किमान दंड 5 लाख केला, हे चांगलेच झाले. मात्र खटला भरायला आधी कुणीतरी जाऊन पाहावे लागते. संहितेने निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ करून टाकले आणि तपासणी कुठे करायची हे संगणकीय सोडतीवर सोपवले. मालकाला सल्ला देणारा आणि मालकावर खटला भरणारा माणूस एकच कसा?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 81 व्या करारावर भारताने 1949 मध्येच मान्यतेची मोहोर उमटवली. पूर्वसूचना न देता कामाच्या जागी शिरण्याचा निरीक्षकाचा हक्क त्यात आहे, आणि पुरेसे निरीक्षक नेमण्याची सरकारची जबाबदारीही. औद्योगिकीकरण होत असलेल्या देशांसाठी त्या संघटनेचा दंडक 15 हजार कामगारांमागे एक निरीक्षक असा आहे.

‘इन्स्पेक्टर राज’ची भीती घालणारे म्हणतात, निरीक्षक लाच खातात. खातात. मग त्यांचे तपासणी अहवाल गावच्या चावडीवर लावा. पोलीस लाच खातात म्हणून कुणी पोलीस ठाणी बंद करत नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. त्यांच्याच काळात, 1945 मध्ये, केंद्राची मुख्य श्रम आयुक्तांची यंत्रणा उभी राहिली, तिच्यात श्रम निरीक्षकही होते. आपण त्यांचे कामगार कायदे भाषणात मोजून दाखवतो, ती यंत्रणा मात्र विसरतो.

आणि ठेकेदारीचे काय? 20 नोव्हेंबर 2018 ला पुलगाव दारूगोळा भांडाराच्या सोनेगाव आबाजी येथील मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले. एक खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी, बाकीचे ठेक्यावरच्या कामातले, आसपासच्या गावांतून रोजीसाठी आलेले. मैदान भांडाराचे, माल निर्माणीचा, मजूर ठेकेदाराचे. सुरक्षा कुणाची, हे अशा तिहेरी कारभारात शोधावे लागते. ठेक्यात आरक्षण नाही, म्हणून आपण तिकडे पाठ फिरवली. पण सगळ्यात धोक्याच्या जागी आपलीच माणसे उभी आहेत. निरीक्षकाचे रिकामे पद म्हणजे आरक्षणाची एक जागाही बुडाली, हे तरी आपल्याला खटकायला हवे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीचा अधिकार वापरावा. वर्धा जिल्ह्यासाठी निरीक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? भूगाव, देवळी, हिंगणघाट इथल्या कारखान्यांच्या पाच वर्षांतल्या तपासण्यांच्या तारखा कोणत्या? किती खटले दाखल झाले, किती तडजोडीने मिटवले? अहवालांच्या प्रतीही मागा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते.