सिरॅमिकची पदवी घेऊन परभणीत धंदा होतो का? माझं स्पष्ट मत

जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत अशा भागातून एक प्रश्न मला फिरून फिरून येतो. मुलीची एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली, चित्रकलेत हात चांगला आहे, आता सिरॅमिकची पदवी करायची म्हणते. चार वर्षं आणि एवढा खर्च, पुढं पोट भरेल का? आणि मागून घरातल्या कुणाचं तरी वाक्य ठरलेलं असतं, "मडकी करायला मुंबईला कशाला जायचं, कुंभारवाडा तर इथंच आहे."

या वाक्याला हसू नका, त्यात अर्धं तथ्य आहे. चाकावर माती उचलायची कशी, मध्यात आणायची कशी, हे आपल्याकडचा जुना कुंभार कुठल्याही कॉलेजपेक्षा कमी शिकवणार नाही. शिवाय आपली काळी माती त्याला कळते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. म्हणून तर तो तिच्यात राख, लीद, वाळू मिसळतो. मे महिन्यात परभणीच्या उन्हात भांडं उघडं ठेवलं तर एका दुपारीत भेग पडते, हेही त्याला सांगावं लागत नाही. माझा सल्ला सरळ आहे. प्रवेशाआधीची सुट्टी कुंभाराच्या अंगणात घालवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. दोन महिन्यांत माती नकोशी झाली तर चार वर्षांची फी वाचली.

पण कुंभाराची भाजणी साधारण सातशे-आठशे अंशांची. त्यातून माठ, पणत्या, सुगडी उत्तम निघतात. माठाला तर पाणी झिरपणंच हवं, त्यानंच ते थंड होतं. चहाच्या कपाला ते चालत नाही. त्यासाठी वेगळी माती, वर ग्लेझचा काचेसारखा थर आणि बाराशे अंशांच्या पुढची भट्टी लागते. कोणत्या मातीवर कोणतं ग्लेझ बसेल, ते का तडकलं, का ओघळलं, ५७३ अंशांच्या आसपास भट्टी घाईनं तापवली किंवा थंड केली तर भांडं का फुटतं, ही विद्या अंगणात मिळत नाही. कॉलेजची फी याच्यासाठी भरायची. भट्टी दुसऱ्यांनी लावली आणि तुम्ही फक्त तयार कप उचलला, तर पदवी मिळेल, धंदा नाही मिळणार.

कुठं शिकायचं? मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं रात्रीत पोचता. महाराष्ट्राबाहेर बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी, बनारस हिंदू विद्यापीठ, शांतिनिकेतन. पदवी नको, नुसतं काम शिकायचंय असं असेल तर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी बघा. मात्र फॉर्म भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन एवढंच विचारा: विद्यार्थ्याला भट्टी स्वतः लावायला मिळते का, आणि वर्षातून किती वेळा? इमारत नंतर बघा.

जे. जे.चीच एक गोष्ट सांगतो. शाळा सुरू झाली १८५७ मध्ये. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथं मातीकामाचा कारखाना उभा केला, सिंधमधले कुंभार आणले. त्याच काळात शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते, ती नक्षी या भांड्यांवर आली आणि माल विलायतेच्या प्रदर्शनांत गेला. म्हणजे विक्री आणि कला कॉलेज एकत्र नांदत नाहीत, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आणि बघा, विकली गेली ती आपल्या मराठवाड्यातली नक्षी. चारठाण्याच्या मंदिरांवरचं कोरीवकाम तुमच्या वहीत किती पानं आहे? पहिल्या वर्षापासून ती वही भरा.

आता पैशाचं. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा कप भावात तुम्हाला हरवणारच, तिथं हात घालू नका. तुमचा कप का महाग आहे हे गिऱ्हाईकाला सांगता आलं पाहिजे, आणि त्याआधी तो नक्की केवढ्याला पडला हे तुम्हाला माहीत पाहिजे. धरा, ६० कप केले. माती आणि ग्लेझ १,६०० रुपये, दोन भाजण्या भाड्याच्या भट्टीत २,९००, आठ दिवसांची मजुरी ५०० प्रमाणे ४,०००. झाले ८,५००. साठानं भागलं तर कप १४२ ला पडला, १५० ला विकला, खूश. पण भट्टी उघडली तर १२ कप तडकलेले. उरले ४८, म्हणजे एक कप १७७ ला पडला आणि तुम्ही प्रत्येक कपावर २७ रुपये घालवलेत. पॅकिंग अजून धरलंच नाही. फुटीचा आकडा प्रत्येक भाजणीला लिहा, कॉलेजात असतानाच. चार वर्षांची ती वही बँक मॅनेजरपुढं प्रदर्शनाच्या फोटोंपेक्षा जास्त कामाला येईल.

आणि पदवी हातात आली की लगेच भट्टीसाठी कर्ज काढू नका. यावर माझ्याशी वाद घालणारे खूप आहेत, तरी माझं मत बदललेलं नाही. मोठ्या विजेच्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते, आणि मधेच लाइट गेली तर तो लॉट हातचा जाऊ शकतो. एक वर्ष दुसऱ्याच्या भट्टीत भाड्यानं भाजा. विक्री टिकली तर मग पुढचं बघू.

योजनांमध्येही एक मेख आहे. पीएम विश्वकर्मा सप्टेंबर २०२३ पासून आहे, १८ कामांत कुंभारकाम येतं. अवजारांसाठी १५,००० रुपये, आधी एक लाख आणि मग दोन लाख असं कर्ज, व्याज पाच टक्के. पण हातानं तेच काम आधीपासून करणाऱ्यासाठी ती आहे, आणि घरात एकालाच. नुसती पदवी दाखवून चालत नाही. शिवाय मागच्या पाच वर्षांत पीएमईजीपीचं कर्ज घेतलेलं असेल तर ही मिळत नाही. तेव्हा वडील कुंभारकाम करत असतील आणि मुलगी सिरॅमिक शिकत असेल, तर घरातून अर्ज कुणी आणि कशाला करायचा, हे आधी एकत्र बसून ठरवा. माझ्या मते विश्वकर्मा वडिलांच्या नावानं घ्यावी, आणि मुलीनं स्वतःच्या भट्टीचा प्रस्ताव त्या वर्षभराच्या विक्रीच्या बिलांसकट नंतर वेगळा द्यावा.