यंत्राचा कौल

जोगेश्वरीहून महामार्गाने निघाले, तर कालिन्याची न्यायसाहाय्यक वैज्ञानिक प्रयोगशाळा फार दूर नाही. एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यातील आरोपीला तेथे नेले, की दुसऱ्या दिवशी नाक्यानाक्यावर निकाल लागलेला असतो : ‘मशीनमध्ये सापडला!’ अहवाल न्यायालयात पोहोचण्यापूर्वी वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचावा, ही तर या महानगराची जुनी रीत.

वस्तुतः पॉलिग्राफ असत्य मोजतच नाही. तो श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम मोजतो. गुन्ह्याविषयीच्या प्रश्नाला शरीर किती प्रतिसाद देते आणि तुलनेसाठी विचारलेल्या प्रश्नाला किती, यावरून परीक्षक अनुमान काढतो. तुलनेच्या प्रश्नावेळी जीभ चावून वा मनातल्या मनात अवघड आकडेमोड करून आलेख मुद्दाम उंचावणारा निर्ढावलेला गुन्हेगार त्यातून निसटू शकतो. कोठडीच्या भयाने घामाघूम झालेला निरपराध मात्र अडकू शकतो. ‘सीआयए’मधील ॲल्ड्रिच एम्स मॉस्कोसाठी हेरगिरी करीत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये सांगितले, की सुरक्षा यंत्रणांतील कर्मचारी पारखण्यासाठी ही अचूकता अपुरी आहे. तरीही चाचणीला चकवण्याचे धडे देणाऱ्या एका माजी परीक्षकाला त्याच देशात २०१५ मध्ये दोन वर्षांचा कारावास झाला. यंत्र अचूक असते, तर शिकवणीची एवढी धास्ती कशाला?

आपल्याकडचा अनुभव याहून गंभीर आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीवर भिस्त ठेवून जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धती अशास्त्रीय ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटानंतर साध्वी प्रज्ञासिंह यांनाही अशाच चाचण्यांना सामोरे जावे लागले. त्या वेळी हिंदुत्ववादी मनांत संताप उसळला. तो रास्तच होता. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. परंतु प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे, की त्यापूर्वी तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत वाहिन्यांवर झळकली, तेव्हा तीतील बड्या नावांची चर्चा आपणही चवीने केली होती. आपल्या माणसावर आली की जुलूम आणि परक्यावर आली की विज्ञान, ही भूमिका आम्हांस मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात संमतीवाचून अशी कोणतीही चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिला आणि जून २०२५ मध्ये नार्कोबाबत त्याचा पुनरुच्चार केला. पण कोठडीतल्या माणसाची संमती कितपत खरी असते? ती दंडाधिकाऱ्यांसमोर वकिलाच्या उपस्थितीत नोंदवली जावी, ही अट काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे आणि अहवाल फोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. तपास यंत्रणांनी आलेखांपेक्षा साक्षीदार, पंचनामे आणि घटनास्थळावरील नमुने यांवर श्रम खर्चावेत. मालेगावात सहा जण मृत्युमुखी पडले. ते कोणी घडवले, याचे सिद्ध झालेले उत्तर त्यांच्या कुटुंबीयांना सतरा वर्षांनंतरच्या त्या निकालातही मिळाले नाही.