परीक्षक निनावी चालतो, मग वाचक का नाही?

छापून झालेल्या शोधनिबंधाची चिरफाड इंटरनेटवर, चारचौघांच्या देखत करू नये, असं मानणारा एक वर्ग विद्यापीठांत आहे, आणि तो बहुधा वरच्या खुर्च्यांवर बसलेला असतो. त्याचं म्हणणं असं : निबंध छापण्यापूर्वी दोन-तीन तज्ज्ञांनी तपासलेला असतो, तरीही कुणाला चूक दिसलीच तर त्याने संपादकाला रीतसर पत्र लिहावं, आणि जाहीरच लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिहावं. यातलं तिसरं म्हणणं सगळ्यांत तावातावाने मांडलं जातं. म्हणून आधी पहिली दोन उरकून घेऊ.

तज्ज्ञ परीक्षकाच्या हाती लेखकाने पाठवलेला मजकूर येतो, प्रयोगशाळेतल्या वह्या येत नाहीत. तो प्रयोग करून पाहत नाही. लेखकाच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवूनच वाचतो. जानेवारी 2014 मध्ये ‘नेचर’ने जपानच्या रिकेन संस्थेतले दोन निबंध छापले. साध्या पेशी थोडा वेळ सौम्य आम्लात ठेवल्या, की त्यांच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडू शकते, असा त्यांत दावा होता. मुख्य संशोधक हारुको ओबोकाता यांना जपानी वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतलं. त्या प्रयोगशाळेत स्वयंपाकाचा एप्रन घालतात, हीसुद्धा बातमी झाली. थोड्याच दिवसांत ‘पबपीअर’ या संकेतस्थळावर वाचकांनी डीएनएचे तुकडे दाखवणाऱ्या एका जेल-चित्राकडे बोट दाखवलं : यातली एक पट्टी दुसरीकडून आणून बसवलेली दिसते. पुढे काही चित्रं ओबोकातांच्या जुन्या प्रबंधातलीच निघाली. रिकेनच्या चौकशीत गैरप्रकार सिद्ध झाला आणि जुलैत दोन्ही निबंध मागे घेतले गेले. त्या वेळी ‘नेचर’ने संपादकीयात जे लिहिलं ते या वर्गाने जरूर वाचावं. निबंधांना मारक ठरलेले दोष आम्हाला किंवा आमच्या परीक्षकांना पकडता आले नसते, असं ‘नेचर’नेच तिथे सांगितलं. वाचकांनी मात्र पकडले. ते परीक्षकांपेक्षा हुशार होते असं नव्हे, ते संख्येने जास्त होते आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी पडली.

संपादकाला लिहिलेल्या पत्राचं काय होतं? बहुतेकदा वाट पाहणं होतं. लस आणि स्वमग्नता यांची सांगड घालणारा वेकफिल्ड यांचा 1998 चा निबंध ‘लॅन्सेट’ने पूर्णपणे मागे घेतला तो 2010 मध्ये. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्यातल्या एका केंद्रीय संशोधन संस्थेतून प्रसिद्ध झालेला 2005 चा निबंध घ्या. त्यातल्या चित्रांविषयी तक्रार झाली, बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने गैरप्रकार नसल्याचा निर्वाळा दिला, आणि ज्या अमेरिकी जर्नलने तो छापला होता त्याने 2007 मध्ये तो मागे घेतला. समिती बरोबर की जर्नल, हा वाद बाजूला ठेवू. ती चित्रं शेजारी शेजारी ठेवून सर्वांसमोर चर्चा करण्याची सोय तेव्हा असती, तर निवाडा बंद खोलीवर अवलंबून राहिला नसता.

आता नावाचा मुद्दा. निनावी टीका म्हणजे भेकडपणा, असं म्हणणारे प्राध्यापक स्वतः वर्षानुवर्षं निनावी परीक्षक म्हणून काम करतात. त्या पडद्याआडून ते एखाद्या तरुणाचा निबंध नाकारतात, त्याची बढती लांबवतात, आणि त्याला सभ्य व्यवस्था म्हणतात. निबंध छापून येईपर्यंत नाव झाकणं ही शिस्त आणि छापून आल्यावर झाकणं हा गुन्हा, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट पडद्याआडच्या परीक्षकाचा शेरा फक्त लेखक आणि संपादक वाचतात. जाहीर शेरा सगळे वाचतात आणि खोटा असेल तर सगळेच खोडू शकतात. पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे ती दाखवणाऱ्याच्या नावावर ठरत नाही.

नावानिशी लिहिण्याचा प्रयोग झालेलाच नाही असंही नाही. अमेरिकेच्या एनआयएचने 2013 मध्ये ‘पबमेड कॉमन्स’ सुरू केलं. तिथे शेरा मारणाऱ्याला नाव द्यावंच लागे. फारसं कुणी फिरकलं नाही आणि 2018 मध्ये ते बंद पडलं. त्याच्या आधी, 2012 मध्ये, सुरू झालेलं आणि नाव झाकू देणारं पबपीअर अजून चालू आहे. नाव देणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं तेही दिसलं आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या फ्रान्सेस्का जिनो यांच्या आकडेवारीतल्या विसंगती ‘डेटा कोलाडा’ हा ब्लॉग चालवणाऱ्या तीन प्राध्यापकांनी स्वतःच्या नावाने मांडल्या, तर 2023 मध्ये जिनोंनी त्यांच्यावर आणि हार्वर्डवर अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. बदनामीचे आरोप न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळले, पण तोवर वकील तर लावावेच लागले ना! पक्की नोकरी असलेल्या प्राध्यापकांची ही गत, तर मार्गदर्शकाच्या सहीवर फेलोशिप चालणाऱ्या पीएचडीच्या मुलीने काय करावं?

विरोधकांचा एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही : जाहीर चिरफाडीत माणूस भरडला जातो. रिकेन प्रकरणातले सहलेखक योशिकी सासाई यांनी ऑगस्ट 2014 मध्ये आत्महत्या केली. चौकशीने त्यांच्यावर फसवणुकीचा ठपका ठेवला नव्हता, देखरेखीतल्या हलगर्जीचा ठेवला होता. पण जेलच्या पट्टीविषयी शंका घेणं वेगळं आणि महिनोन् महिने माणसामागे कॅमेरे लावणं वेगळं. ही रेघ आखायलाच हवी. म्हणून नियम कडक असावेत : शेरा निबंधात जे दिसतं त्यावरच असावा, हेतूबद्दल चकार शब्द नको, लेखकाला लगेच कळवावं आणि त्याचं उत्तर त्याच जागी छापावं. पबपीअरवर यातलं बरंचसं आजही पाळलं जातं. जर्नलांनी आपल्या निबंधांखाली ही चर्चा जोडली, तर वाचकाला ती शोधत फिरावं लागणार नाही.

आपल्या विद्यापीठांत पीएचडीला ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा दोन क्रेडिटचा विषय यूजीसीने 2019 मध्ये सक्तीचा केला. त्यात साहित्यचोरीच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येकाला एक छापील निबंध तपासायला द्यावा आणि शेरे जाहीर करावेत. कुणी आपल्याच मार्गदर्शकाचा निबंध निवडला, तर त्याला नाव झाकायची मुभा असावी.