आपोआप बदलणारा गिअर आणि त्याचे दुखणे

यंत्रांविषयी लिहिताना ह्या सदरात आम्ही सहसा दुसऱ्यांच्या चुका सांगतो. ह्या वेळी स्वतःची सांगावयाची आहे. मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ घरांवर तसाच प्रसंग आज ना उद्या येण्याजोगा आहे. म्हणून ती झाकून न ठेवता सविस्तर सांगणे हेच उचित.

आमचे दिघोरी हे भंडारा जिल्ह्यातील धानाचे गाव. आमचा पुतण्या येथून नोकरीसाठी रोज साकोलीस जातो. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्याचा डावा पाय अधू राहिला. साध्या मोटारीत क्लच दाबण्याचे काम डाव्या पायाचे. ते त्यास साधत नाही, आणि बसची उंच पायरी चढणे तर त्याहून कठीण. ह्यास्तव काही वर्षांपूर्वी त्याने, जिचा गिअर आपोआप बदलतो व जीत क्लचचे पेडलच नसते, अशी लहान मोटार घेतली. ती त्याची चैन नव्हे. दुसऱ्याच्या खांद्यावर हात न ठेवता घराबाहेर पडण्याचे त्याचे ते एकच साधन आहे.

गेल्या मार्गशीर्षात ही गाडी एके सकाळी गिअर घेईना. समोरचा दिवा लागला, गिअरचा आकडा लुकलुकू लागला, आणि थोड्या वेळाने गाडी जशी काही झालेच नाही अशी चालू लागली. दोन-चार दिवस असेच चालल्यावर पुतण्याने ती शहरातील एका कारखान्यात नेली. तेथे यंत्र लावून संकेत वाचला गेला आणि निर्णय मिळाला, की क्लच चालविणारा सगळा संचच बदलावा लागेल. खर्च चाळीस हजारांच्या वर. पुतण्याने आम्हांस विचारले, "काका, काय करू?" आम्ही संकेताचा क्रमांक विचारून घेतला, तो कोष्टकात ताडून पाहिला, आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "संकेत स्पष्ट आहे. भाग बिघडला आहे. बदलून टाक." आमची चूक ती हीच. ती चूक का, हे कळण्यासाठी ह्या गिअरची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच पुरेसे बळ देते. गाडी जागची हलताना किंवा चढ चढताना चाकांस बळ हवे असते. सपाट रस्त्यावर वेग हवा असतो, बळ थोडे पुरते. लहानमोठ्या दातेरी चक्रांच्या जोड्या बदलून हा हिशेब जमविणे म्हणजे गिअर बदलणे. आणि त्यासाठी इंजिन व चाके ह्यांची क्षणभर फारकत करून पुन्हा गाठ घालून देणारा तो क्लच. हे काम माणसाकडून काढून घेण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' नावाचा चार गतींचा गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी काढला. त्यात गिअर केव्हा बदलावा हे तेलाचा दाब ठरवीत असे. १९८०च्या दशकापासून हा निर्णय हळूहळू संगणकाकडे आला. आपल्याकडे २०१३ साली चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो गाडीत दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. २०१४च्या फेब्रुवारीत मारुतीच्या सेलेरिओने आणि त्याच वर्षी टाटांच्या झेस्टने अल्प किमतीचा प्रकार आणला, तेव्हापासून ही सोय मध्यम घरांच्या आटोक्यात आली.

प्रकार मुख्यत्वे तीन समजावेत. पहिल्यात इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते इतकेच. त्यामागे मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि बाहेर कंकणासारखे दातेरी वलय अशी मांडणी असते. ह्यांपैकी कोणते धरून ठेवावे व कोणते फिरू द्यावे ह्यावर गिअर ठरतो, आणि ती धरसोड तेलाच्या दाबाने होते. दुसऱ्या प्रकारात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर व दुसऱ्याकडे सम गिअर. एक चालू असतानाच पुढचा जोडून तयार ठेवलेला असतो. तिसरा प्रकार आमच्या पुतण्याच्या गाडीचा. त्यातील चक्रे व क्लच साध्या गाडीचेच असतात. मात्र हात आणि डावा पाय यंत्राचा. विजेचा लहान पंप तेलावर दाब धरून ठेवतो, आणि सोलेनॉइड म्हणजे विजेने उघडणाऱ्या झडपा ते तेल क्लचकडे वा गिअरच्या दांड्याकडे सोडतात.

तिन्ही प्रकारांत कारभार एकच. आमच्या शास्त्रकारांनी ज्ञानेंद्रिये, बुद्धी आणि कर्मेंद्रिये अशी वाटणी केली आहे, ती येथे अगदी चपखल बसते. गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबला, तेल किती तापले, क्लच कोठवर आला, हे सांगणारे सेन्सर ही ज्ञानेंद्रिये. ते ऐकून गिअर ठरविणारा संगणक ही बुद्धी. पंप व झडपा ही कर्मेंद्रिये. आणि ह्या सर्वांस जोडणाऱ्या तारा म्हणजे मज्जातंतू. एखादे ज्ञानेंद्रिय भलतेच सांगू लागले किंवा मुके झाले, तर बुद्धी सावध होते. यंत्राची नासाडी होऊ नये म्हणून ती गाडी एकाच गिअरवर रखडत चालविते, नाहीतर गिअर घेण्याचेच नाकारते, आणि आपल्या स्मरणात एक संकेत लिहून ठेवते.

अमेरिकेत १९९६ सालापासून हे संकेत सर्व कारखान्यांच्या गाड्यांस बरेचसे समान झाले. आपल्याकडेही गेल्या दशकापासूनच्या मोटारींत सुकाणूच्या खाली ते वाचण्याची जोडणी असते. संकेतातील 'पी' हे अक्षर इंजिन व गिअरच्या वर्गाचे, त्यापुढील शून्य सर्वमान्य संकेताचे, आणि नंतरचा ७ किंवा ८ हा अंक गिअरबॉक्सचा. 'पी ०७००' एवढेच सांगतो, की गिअरच्या संगणकाची काही तक्रार आहे, ती त्यालाच विचारा. 'पी ०७३०' म्हणतो, की आत येणारे व बाहेर जाणारे फेरे ह्यांचा हिशेब जुळत नाही. आता हा हिशेब आतील क्लच घसरल्याने बिघडेल, तेल कमी झाल्याने बिघडेल, किंवा फेरे मोजणारा सेन्सरच चुकल्याने बिघडलेला दिसेल. पुतण्याच्या गाडीचा संकेत होता 'पी ०८०५' : क्लचची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या मंडलात दोष. 'मंडल' हा शब्द आम्ही वाचला आणि तसाच सोडून दिला. मंडलात सेन्सर आला, त्याच्या तारा आल्या, त्यांचे सांधे आले, आणि संगणकाचे टोकही आले. संकेताने गल्ली दाखविली होती; घर दाखविले नव्हते.

एवढी रक्कम हाताशी नसल्याने गाडी तशीच घरी परत आली. पुतण्याने ती विकून टाकण्याची भाषा सुरू केली, आणि घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. त्याच सुमारास शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करण्यास साकोलीकडील एक मिस्त्री आला होता. त्यास सहज गाडी दाखविली. त्याने प्रथम हत्यारास हात लावला नाही. पुतण्यास प्रश्न विचारले. केव्हा बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? पावसात की कोरड्यात? पुतण्या म्हणाला, "सकाळी निघताना, आणि खड्ड्यातून गेली की." वैद्यशास्त्रात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारची परीक्षा सांगितली आहे, ह्या मिस्त्र्याने ती बहुधा कधी ऐकली नसेल, पण त्याने तीच केली.

प्रश्न झाल्यावर त्याने बॅटरी मोजली. ती साडेबारा व्होल्टांच्या वर होती व इंजिन सुरू करतानाही फारशी खाली गेली नाही. बॅटरी अशक्त असेल तर संगणक नाना प्रकारचे खोटे संकेत लिहितो, म्हणून ही पायरी पहिली. मग त्याने चालकाच्या बाजूचे दार उघडले आणि कान दिला. ह्या प्रकारच्या पुष्कळ गाड्यांत दार उघडताच पंप क्षणभर गुंजारव करून दाब भरून घेतो. तो आवाज योग्य होता. तेलही पुरेसे होते. म्हणजे कर्मेंद्रिये ठीक. मग आपले वाचनयंत्र लावून त्याने क्लचच्या स्थितीचा चालता आकडा पुढे ठेवला आणि पुतण्यास ब्रेकवर पाय ठेवून बसविले. स्वतः खाली वाकून तारांचा जुडगा थोडाथोडा हलवीत गेला. एका जागी हात लागताच आकडा एकदम शून्यावर गेला. तेथले वेष्टन सोलले तेव्हा आत धानाचे तूस, चिंध्या आणि उंदराच्या दातांच्या खुणा! अर्धी कुरतडलेली तांब्याची तार दवाने हिरवी पडली होती. मळणीनंतर आमच्या पडवीत धानाची पोती रचलेली असतात. गाडी त्यांच्याच शेजारी उभी राहते, आणि थंडीच्या रात्री गरम इंजिनाची ऊब उंदरांस आवडते. दुखणे आमच्या पडवीतच जन्मले होते.

त्याने तार नुसती पिळून चिकटपट्टी लावली नाही. झाळून घेतली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढविली, संकेत पुसला, आणि संगणकास क्लच कोठे धरतो हे पुन्हा शिकविले. मग पुतण्यास वीस-एक किलोमीटर खड्ड्याखाचांतून गाडी फिरवून आणावयास लावले. संकेत परत उमटला नाही. मजुरी सातशे रुपये झाली. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, मशीन खोटं नाही बोलत, पण पुरतंही नाही सांगत."

आम्ही चार-दोन होतकरू मुलांस घरी बसवून तर्कसंग्रह शिकविला आहे. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. सेन्सर बिघडला तर संकेत उमटतो. म्हणून संकेत उमटला तर सेन्सरच बिघडला, असे होत नाही. ही उलटापालट मुलांच्या वहीत आम्ही तांबड्या शाईने खोडीत आलो, आणि घरच्या प्रसंगी स्वतःच केली. चाळीस हजार जाऊनही कुरतडलेली तार तशीच राहिली असती.

ह्यावरून वाचकांनी घरापुरते काही लक्षात ठेवावे. बिघाड केव्हा व कशा स्थितीत होतो हे लिहून ठेवावे. ह्या माहितीने कारागिराचे अर्धे काम होते. संकेत वाचून टिपून घेण्यापूर्वी बॅटरी सोडू नये व संकेत पुसू देऊ नये, कारण बिघाडाच्या क्षणी इंजिनचा वेग व उष्णता काय होती ह्याची नोंदही त्यासोबत जाते. कोणी भाग बदलण्यास सांगितले तर एवढेच विचारावे : "तारा व सांधे तपासले काय? बॅटरी मोजली काय?" तेल कारखान्याने सांगितलेल्या जातीचेच घालावे, टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलास जळका वास आला तर मात्र उशीर करू नये. आमच्या पुतण्याच्या जातीची गाडी चढावर उभी करताना ॲक्सिलरेटर दाबून तोलून धरू नये, ब्रेक लावावा. नाहीतर क्लच जळतो. आणि टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बंद पडल्यास, पुस्तिकेत परवानगी असल्यावाचून, चालती चाके जमिनीवर ठेवून ओढीत नेऊ नये, कारण इंजिन बंद असता आतील तेल फिरत नाही.

असो. गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही पुतण्याजवळ आपली चूक कबूल केली. तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, मी लहान असताना तुम्ही दोन वर्षे रोज माझ्या पायाला तेल चोळीत होता. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की दुखणे पायात नव्हतेच. पाठीच्या कण्यातील ज्या पेशी पायास हुकूम देतात त्याच गेल्या होत्या." आम्हांस ते चांगले आठवत होते. त्या तार तुटलेल्या पायास झाळणारा कारागीर कोणास मिळाला नाही. गाडीस मिळाला, एवढ्यावर समाधान मानून तो दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच साकोलीस निघाला. धानाची पोती आम्ही त्याच दिवशी आतल्या खोलीत हलविली.