पाळी गेली, आग राहिली

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १० नोव्हेंबर २०२५ रोजी एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या औषधांवर २००३ पासून काळ्या चौकटीत एक इशारा छापला जात होता. हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांची भीती घालणारा हा मजकूर चौकटीतून काढण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २०२६ मध्ये, महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून रजोनिवृत्ती क्लिनिक सुरू झाली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींचा संबंध एकाच बाईशी आहे: पाळी जाऊन चार-पाच वर्षे झालेली, पन्नाशीच्या आसपासची आणि आपला त्रास कोणाजवळही न बोलणारी.

ही बाई हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर रोज दिसते. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर नांदेडहून येणारी वाहतूक फुटते. एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोलीकडून पुढे अकोल्याला जातो. दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरकडे. आसपासच्या गावांतल्या बाया बाजारासाठी, बँकेसाठी आणि दवाखान्यासाठी इथेच उतरतात. हा हळदीचा आणि उसाचा पट्टा आहे. दिवसभर उन्हात काम, पाणी कमी, आडोसा नाही. त्यामुळे ‘लघवीला आग होते’ ही तक्रार इतकी नेहमीची, की तिच्यावर तितकेच नेहमीचे उत्तर तयार असते: पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या. महिना-दोन महिन्यांनी आग परत येते आणि गोळ्याही परत येतात.

या आगीचे एक मोठे कारण मात्र चिठ्ठीवर क्वचितच लिहिले जाते. बाईच्या योनिमार्गाचे, लघवीच्या नळीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसलेले असते. इस्ट्रोजेनमुळे हे अस्तर जाड, ओलसर आणि लवचीक राहते. अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू जगतात. दह्याच्या विरजणात असतात, त्याच कुळातले हे जिवाणू. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना थारा मिळत नाही. पाळी कायमची थांबली, की अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन जवळजवळ संपते. अस्तर पातळ होते, ओलावा आटतो, आम्लता कमी होते, उपकारक जिवाणू हटतात आणि आतड्यातले जंतू लघवीच्या वाटेवर मुक्काम करतात.

त्यातून तक्रारींची एक माळच तयार होते: कोरडेपणा, खाज, जळजळ, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, त्यानंतर रक्ताचा डाग पडणे, वारंवार लघवीला लागणे, घाई होणे आणि पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग. पूर्वी डॉक्टरी पुस्तकांत याला योनीचा शोष म्हणत. २०१४ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी त्याचे नाव बदलले आणि जननमार्ग व मूत्रमार्ग या दोहोंना मिळून रजोनिवृत्तीचा एकच लक्षणसमूह मानला. नाव बदलण्यामागे कारण होते. ‘शोष’ म्हटले, की मूत्रमार्गाचा त्रास बाहेर राहतो. आणि वारंगा फाट्यावरची बाई सांगते ती तक्रार नेमकी लघवीचीच असते. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींना यातला काही ना काही त्रास होतो. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे ही लक्षणे बहुतेकींत काही वर्षांत ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास टिकून राहतो आणि बहुधा वाढतो.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. अगदी कमी मात्रेतले इस्ट्रोजेन क्रीम किंवा गोळीच्या रूपात योनिमार्गातच वापरायचे. आपल्याकडे एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनची क्रीम मिळते. साधारण पद्धत अशी, की पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. काही आठवड्यांत आराम पडू लागतो, पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. क्रीम बंद केली, की त्रास हळूहळू परत येतो, म्हणून ती बहुधा दीर्घकाळ चालू ठेवावी लागते.

मूत्रसंसर्गावरचा तिचा परिणाम तर तीन दशकांपूर्वीच सिद्ध झाला आहे. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ९३ स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या आणि वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या या स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलची क्रीम दिली, इतरांना औषध नसलेली क्रीम. औषध नसलेल्या गटात वर्षाकाठी प्रत्येकी सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला. एस्ट्रिऑलच्या गटात हे प्रमाण ०.५ होते. जे काम प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या करू शकत नाहीत, ते आठवड्यातून दोनदा लावलेली क्रीम करते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना ही गोष्ट एका बाईपुरती राहत नाही.

मग ही क्रीम इतकी कमी का लिहिली जाते? त्याचे उत्तर २००२ सालात आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातली संयुक्त संप्रेरक गोळीची चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. १६,६०८ स्त्रियांच्या या चाचणीत गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचे प्रमाण थोडे जास्त आढळले. थोडे म्हणजे किती? दहा हजार स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली, तर स्तनांच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अधिक. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण बातम्यांनी जो धसका दिला तेवढा मोठाही नाही. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती.

आपल्या विषयासाठी याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ती चाचणी तोंडाने घेण्याच्या गोळीची होती. पोटातून घेतलेले संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरात जाते. योनिमार्गात लावलेल्या अल्प मात्रेतले फारच थोडे रक्तात उतरते. रक्तातली इस्ट्रोजेनची पातळी पाळी गेलेल्या स्त्रीत असते साधारण तेवढीच राहते. तरीही २००३ मध्ये इशारा छापला गेला तो इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर. गोळीचा दोष क्रीमच्या माथी आला. डॉक्टरने क्रीम लिहून दिली, तरी खोक्यातला कागद वाचून मुलगा किंवा नवरा म्हणणार, ‘हे कॅन्सरचं औषध कशाला?’ आणि ट्यूब तशीच फडताळात पडणार. पुढे त्याच ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधल्या हजारो स्त्रियांच्या निरीक्षणात आणि अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात योनिमार्गातल्या इस्ट्रोजेनमुळे कर्करोग किंवा हृदयविकार वाढल्याचे दिसले नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये १० मायक्रोग्रॅमची योनिमार्गातली गोळी पन्नाशीपुढच्या स्त्रियांना चिठ्ठीशिवाय, औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मिळण्याची सोय केली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही या त्रासासाठी हा उपचार स्त्रियांना द्यावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

म्हणून नोव्हेंबरचा निर्णय योनिमार्गातल्या औषधांपुरता तरी योग्य आणि उशिरा आलेला आहे. पण त्या घोषणेबरोबर आणखीही दावे झाले: संप्रेरकांनी हृदयविकार टळतो, बुद्धी शाबूत राहते, आयुष्य वाढते. या दाव्यांवर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त आहे. गोळी किंवा पट्टीच्या रूपातले संप्रेरक हे वाफा, घाम, झोपमोड यांवरचे प्रभावी औषध आहे. निरोगी बाईने म्हातारपण लांबवण्यासाठी घ्यायचे ते टॉनिक नाही. एका टोकाच्या भीतीतून दुसऱ्या टोकाच्या भुरळीत जाण्याने कोणाचेही भले होणार नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीने पोटातून नुसते इस्ट्रोजेन घेतले, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. तो इशारा अमेरिकेतही कायम ठेवला आहे.

क्रीमलाही काही पथ्ये आहेत. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी आधी तपासणी आणि मग औषध. बहुतेक वेळा कारण कोरडेपणाच असते, पण गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग याच डागाने पहिली खूण देतो. स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रीने आधी बिनसंप्रेरकी उपाय करावेत आणि क्रीमचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा. इस्ट्रोजेन बनणेच थांबवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेष काळजी हवी. मधुमेहात बुरशीच्या संसर्गानेही खाज येते, म्हणून साखर तपासणे आवश्यक. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर एकदा तरी लघवीचे कल्चर करावे. औषधाच्या दुकानातून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली खाजेची मलमे नाजूक जागी लावू नयेत. त्यांनी चार दिवस बरे वाटते आणि आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. साबण आणि जंतुनाशक द्रवांनी आतून धुणेही अपायकारकच. त्रास सौम्य असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा योनिमार्गाचे मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारे वंगण एवढ्यावरही भागते.

शहरांत याच त्रासावर लेझरच्या महागड्या उपचारांच्या जाहिराती दिसतात. अमेरिकेच्या प्रशासनाने २०१८ मध्येच अशा ‘पुनर्यौवन’ यंत्रांबद्दल सावध केले होते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत खरे लेझर आणि लेझरचे नुसते सोंग यांच्या परिणामांत वर्षभरानंतर फरक आढळला नाही.

मराठवाड्यात मात्र या त्रासाची याहून मोठी किंमत मोजली गेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. अंगावरून जाणे, कंबर दुखणे, ओटीपोटात दुखणे, कर्करोगाची भीती, बुडणारी मजुरी अशा कारणांनी तरुण वयातच पिशवी काढली गेली. त्याबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंडाशय ठेवले, तरी ती काहीशी लवकर येऊ शकते. म्हणजे तिशी-पस्तिशीतल्या बाईला साठीतला कोरडेपणा. पिशवी काढली म्हणजे सगळे संपले, असे तिला सांगितलेले असते. त्यानंतर सुरू झालेली आग कशाची, हे सांगायला कोणी नसते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या क्लिनिकने वय न बघता ‘पिशवी काढली आहे का, कधी, अंडाशयासह का?’ हे तीन प्रश्न प्रत्येकीला विचारले पाहिजेत.

हिंगोलीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडचे त्याहून जुने. पण रजोनिवृत्ती क्लिनिक जिल्ह्याच्या गावी असून वारंग्याच्या बाईचे भागत नाही. कोरडेपणाची तक्रार घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलून कोणी हिंगोलीला जात नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, क्रीम. सल्ला फुकट आणि औषध बाहेरून, असे झाले तर क्लिनिक नावापुरते उरेल. एस्ट्रिऑल क्रीम ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर बारा महिने मिळाली पाहिजे. दुसरी, प्रश्न. तिशीपुढच्या सर्वांसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, हे विचारलेले असते. त्याच्याच खाली कोरडेपणा आणि वारंवार होणारी लघवीची आग यांचा एक प्रश्न जोडायला खर्च येत नाही. तिसरी, सवय. पन्नाशीतल्या बाईला तिसऱ्यांदा प्रतिजैविक लिहिण्याआधी पाळी कधी गेली, हे विचारण्याची सवय डॉक्टरांना लागली पाहिजे.

बोलणे सोपे नाही, हे खरेच. सासू झालेल्या, नातवंडे असलेल्या बाईने संबंधाच्या वेळी दुखते म्हणणे आपल्याकडे चारचौघांत हसण्यावारी नेले जाते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. तिला वाटते, आपल्यातच काही खोट आहे. प्रत्यक्षात दोन्ही खरे नसते, अस्तर पातळ झालेले असते. दवाखान्यात एवढे सगळे सांगायचीही गरज नाही. ‘पाळी जाऊन इतकी वर्षे झाली, तेव्हापासून जागेला कोरडे पडते आणि लघवीला आग होते’ इतके एक वाक्य पुरते. ते डॉक्टरांना, परिचारिकेला किंवा आशाताईला सांगावे आणि गोळ्यांची नवी चिठ्ठी घेण्याआधी तपासून घ्यावे.